सिग्नलचे नव्वद सेकंद

बस सिग्नलला थांबली तेव्हा ती एका कारंज्यावर वाक्य जुळवत होती. मोठ्या चौकातल्या नव्या कारंज्याचं उद्घाटन झालं, फीत कापली, दोन तास भाषणं झाली, फक्त पाणी तेवढं आलं नाही, अशी बातमी सकाळच्या पेपरात होती. 'कारंजं लाजलं असावं' असं तिनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग 'लाजलं' खोडलं. 'भाषणं ऐकून त्याच्याही घशाला कोरड पडली असावी.' हे बरं होतं. पुढच्या बुधवारची सुरुवात झाली, म्हणून खुशीत तिनं मान वळवली आणि सवयीनं वाचनालयाच्या हॉलच्या काचेतून आत पाहिलं. एक म्हातारा स्टुलावर चढून भिंतीवरची पाठमोऱ्या माणसांची चित्रं उतरवत होता. काल संध्याकाळपर्यंत भरलेल्या भिंतीवर आता पाच-सहाच उरली होती, बाकीच्या जागी नुसते खिळे. काचेवरच्या प्रदर्शनाच्या कागदावर 'तीस तारखेपर्यंत' ह्या शब्दांवर पांढरी पट्टी चिकटवून कुणीतरी पेनानं 'बंद' लिहिलं होतं. तीस तारखेला अजून नऊ दिवस होते. तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं, "ऐक ना, हेच ते! 'चित्रकाराला चेहरे जमत नसावेत, किंवा चेहऱ्यांना चित्रकार जमत नसावा. नव्वद सेकंदांत मला एकानंही तोंड दाखवलं नाही. चित्रांनासुद्धा बाहेर जायची घाई झालेली दिसली.'" दोन मुली खदाखदा हसल्या. "आम्ही गेलो होतो ना काल आत," दुसरी म्हणाली, "सगळ्यांनी चित्रांसारखी पाठ करून फोटो काढले. तो म्हातारा बघतच राहिला." काचेपलीकडचा म्हातारा चित्र छातीशी धरून स्टुलावरून खाली उतरला, तोल सावरायला रस्त्याकडे वळला, आणि त्याचा चेहरा तिला समोरून दिसला. मग सिग्नल सुटला.

ती वाक्यं तिची होती. सहा वर्षं दर बुधवारी पेपराच्या पुरवणीत 'खिडकीची जागा' नावाचं तिचं सदर येत होतं, आणि खाली नाव असायचं 'खिडकीवाली'. खरं नाव नवऱ्याला आणि पुरवणीच्या संपादकांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसात तर नाहीच. ऑफिस औषधांच्या कंपनीचं. गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून जो पातळ कागद ठेवतात, जो कुणीच वाचत नाही, त्याचं प्रूफ ती तपासायची. मुंगीएवढ्या अक्षरांत मळमळ, चक्कर, तोंडाला कोरड, क्वचित अंगावर पुरळ. चौदा वर्षं दुष्परिणामांतला एकही अनुस्वार तिच्या हातून सुटला नव्हता. त्या कागदांतून डोकं वर काढायला तिला सकाळ-संध्याकाळचा बसचा पाऊण-पाऊण तास मिळायचा, आणि त्या दीड तासावर तिचं सदर चालायचं. हरवलेल्या पोपटाची जाहिरात, त्यात 'शिव्या देतो, त्यावरून ओळखावा' अशी खूण. पाऊस येणार नाही असं छापलेल्या पेपराचीच टोपी करून पावसात पळणारा गृहस्थ. चौकातला पुतळा, ज्याचा हात वर आहे आणि ज्याला पाहून प्रत्येक नव्या माणसाला वाटतं की हा आपल्यालाच थांबवतोय. तिचा एक नियम होता. खिडकीतून दिसेल तेवढंच लिहायचं, उतरून चौकशा करायच्या नाहीत. चौकशी केली की मजा जाते. संपादक ह्याला शैली म्हणायचे. बसमध्ये कुणी तिचं लिहिलेलं वाचून हसलं की ती लाकडासारखा चेहरा करून बाहेर बघायची आणि तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. आजही तिनं चेहरा लाकडासारखा केला. पण गुदगुल्या झाल्या नाहीत. छातीपाशी काहीतरी गच्च धरून आपणच स्टुलावरून उतरतोय आणि पाय जमिनीला लागत नाही, असं वाटत राहिलं.

ही वाक्यं जुळवायची सवय वडिलांकडून आलेली होती. सकाळच्या चहाला वडील पेपर मोठ्यानं वाचायचे आणि प्रत्येक बातमीला एक शेपूट लावायचे. मंत्र्यांनी धरणाची पाहणी केली. 'धरण अजून जागेवरच आहे ह्याची खात्री पटली.' आई हसता हसता दूध उतू घालवायची. ती सात-आठ वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा वडिलांच्या आधी शेपूट लावलं होतं, तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं होतं, आणि ते पाहणं तिला बक्षिसासारखं वाटलं होतं. पुढे आई इस्पितळात होती तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकांवर नातेवाइकांचा गोतावळा बसलेला असायचा, आणि ती त्यांना हसवायची. नर्सची नक्कल, डब्यातल्या भाताची नक्कल, भेटायला येऊन स्वतःचंच दुखणं सांगत बसणाऱ्या आत्याची नक्कल, तीही आत्यासमोर. "तू होतीस म्हणून आम्ही तगलो गं," असं मावशी नंतर कितीतरी वर्षं म्हणत होती. एकदा वडील आतून आले आणि म्हणाले, "ती विचारतेय, बाहेर कोण हसवतंय. मी म्हटलं, तुझीच लेक. म्हणाली, तिला आत पाठवा, मलाही सांगू दे." आणि ती म्हणाली होती, "आलेच, पाच मिनिटांत." आत गेली तेव्हा आईचा डोळा लागला होता. उठवू नका असं नर्सनं खुणेनं सांगितलं, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. ते सुटल्यासारखं वाटणं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आत्ता भर बसमध्ये, एका हातात डब्याची पिशवी आणि एका हातात पुढच्या सीटचा दांडा असताना, ते का वर यावं? आत जायचं नाही, बाहेर हसवत बसायचं. शैली! तिनं स्वतःशीच तो शब्द उच्चारला आणि तो मळमळ, चक्कर ह्यांच्या रांगेत बसण्यासारखा वाटला. "दार जरा उघडता का," ती उठून दाराशी जाऊन चालकाला म्हणाली. "थांबा पुढं आहे," तो म्हणाला. "तोवर व्हा बाजूला." ती बाजूला झाली नाही. दाराच्या पायरीवरच उभी राहिली आणि थांबा आला तशी पहिली उतरली. चौदा वर्षांत ती ह्या थांब्यावर कधी उतरली नव्हती. परत मागे चालत जायला दहा मिनिटं लागली, आणि बसमधून गुळगुळीत दिसणारा तो रस्ता पायांखाली चांगलाच खडबडीत निघाला.

हॉलमध्ये ऊन आणि ट्यूबलाइट एकत्र होऊन पांढुरका उजेड पडला होता. एक सत्तरीच्या बाई जमिनीवर बसून चित्रं जुन्या चादरींत गुंडाळून सुतळीनं बांधत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "फोटो काढायचा असेल तर भिंत ती तिकडे. पाठ करायची आणि निघायचं."

"फोटो नाही काढायचा."

"मग प्रदर्शन संपलं."

येता येता तिनं वाक्यं तयार केली होती. 'झालं त्याचं वाईट वाटलं.' 'तसा हेतू नव्हता.' पण आता ती गोळीच्या कागदावर छापल्यासारखी दिसायला लागली आणि तिनं ती एकेक करून खोडली. "पेपरात ते मी लिहिलं," ती म्हणाली.

बाईंचे हात गाठीवर थांबले. त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं. "तुम्ही? मला वाटलं होतं, बाईचं नाव घेऊन कुणी बाप्या लिहीत असेल," त्या म्हणाल्या, आणि मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं, "अहो, या इकडं! पेपरवाल्या आल्यात. राहिलेलं लिहायला आल्यात वाटतं."

म्हातारा हातातलं चित्र भिंतीला टेकवून आला. उंच, पाठीत वाकलेला, सदऱ्याच्या खिशाला हिरव्या रंगाचा डाग. तो रागावेल म्हणून तिनं अंग आवळून धरलं होतं. पण त्यानं कुठं दुखतंय असं विचारावं तितक्या कळकळीनं विचारलं, "कुठलं चित्र बघून तसं वाटलं तुम्हाला?"

"मी आत आलेच नव्हते, काका."

"म्हणजे?"

"बसमधून पाहिलं. सिग्नलला थांबते तेव्हा."

"डाव्या अंगानं की उजव्या?"

"डाव्या."

"मग तुम्हाला ही भिंत दिसली," काका विचार करून म्हणाले. "ती नाही दिसली." त्यांनी रस्त्याकडे पाठ असलेली आतली भिंत दाखवली. तीही आता मोकळी होती. "आणि नव्वद सेकंद म्हणजे तसे कमी नाहीत हो. मीसुद्धा माणसं तेवढाच वेळ बघितली. तळमजला ते चौथा, फार तर दीड मिनिट. बत्तीस वर्षं इस्पितळात लिफ्ट चालवली. मोठी लिफ्ट, स्ट्रेचर मावणारी, अन् माझं स्टूल मागच्या कोपऱ्यात. लोक आत आले की दाराकडे तोंड करून उभे राहतात. मग मला दिसणार काय? पाठी."

"पण तुम्ही बघितल्या आणि गप्प बसलात," जमिनीवर बसलेल्या काकू म्हणाल्या. "पेपरात नाही छापून आणलंत, की ह्याला उभं राहता येत नाही म्हणून!"

तिला नेहमी काहीतरी सुचायचं, आणि आत्ताही सुचलं, चांगलं टोकदार, काकूसुद्धा हसल्या असत्या असं. तिनं ते गिळलं. "मला बघायचीत," ती म्हणाली. "सगळी."

"बांधून झालीत."

"मी सोडते."

"गाठी माझ्या हातच्या आहेत. सुटायच्या नाहीत."

"सुटतील," असं म्हणून तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि जमिनीवर बसली. पहिल्या गाठीलाच तिच्या अंगठ्याचं नख मोडलं. दुसरी तिनं दातानं सैल केली. काकू बघत राहिल्या. तिसऱ्या गाठीला त्यांनी न बोलता कात्री पुढे सरकवली, ती म्हणाली, "नको, सुतळी परत लागेल," तेव्हा काकूंनी तिच्याकडे पहिल्यांदा जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मध्येच तिनं ऑफिसला फोन लावला. "आज येत नाही," ती साहेबांना म्हणाली. "बरं नाही का?" "बरी आहे. एक काम आहे." साहेब इतके गोंधळले की बरं म्हणाले. चौदा वर्षांत रजेसाठी तिनं खरं कारण पहिल्यांदाच सांगितलं होतं.

तेवीस चित्रं होती. प्लायवूडच्या तुकड्यांवर, मोडक्या कपाटांच्या दारांवर, एक तर शाळेच्या पाटीच्या मागच्या बाजूला. सगळ्यांच्या मागे तोच एक हिरवा रंग, इस्पितळाच्या भिंतींचा, उरलेले डबे काकांनी मागून आणलेले. बसमधून ती एकसारखी दिसली होती. जवळून दोन मानासुद्धा एकसारख्या नव्हत्या. एका माणसाचे केस नुकतेच कापलेले, मानेवर कानांखाली पांढरी रेघ, आणि कॉलरची एकच बाजू वर. तो वर चाललाय की खाली, हे कळायला तिला वेळ लागला, आणि मग कळलं की खाली चाललाय, कारण त्याच्या हातातली पिशवी रिकामी होती आणि ती त्यानं घडी घालून, पुन्हा घडी घालून मुठीएवढी केली होती. एका बाईच्या पाठीवर वेणी अर्धीच घातलेली, पुढची अर्धी घालायला कुणी उरलं नव्हतं किंवा वेळ उरला नव्हता. दोन भाऊ, खांद्यांचा उतार तोच, मध्ये तीन माणसं मावतील एवढं अंतर. एक डॉक्टर, कोटाच्या मागे चुरगळा पडलेला, बसल्या बसल्या झोपल्याचा. ती प्रत्येकापुढे उकिडवी बसत होती, आणि तिला कुणी हाकलत नव्हतं, सिग्नल सुटत नव्हता, हेच तिला अवघड जात होतं. एरवी एवढ्यात वाक्य आलं असतं आणि त्या वाक्याला धरून ती पुढे निघून गेली असती. आता वाक्य नव्हतं, त्यामुळे निघता येत नव्हतं. शेवटचं चित्र सगळ्यांत लहान, आतल्या भिंतीवरचं. एका बाईची पाठ, खांद्यावर टॉवेल, आणि टॉवेलवर हनुवटी टेकून मागे बघणारं एक तान्हं मूल. त्याचा चेहरा पूर्ण होता. डोळे, ओलसर ओठ, भुवयांच्या जागी नुसती सावली. ते सरळ तिच्याकडे बघत होतं.

"लिफ्टमध्ये मागे वळून फक्त तान्ही पोरं बघतात," काका म्हणाले. "बाकी कुणी नाही. बत्तीस वर्षांत मला चेहरे मिळाले ते तेवढेच. त्यातला हा एकच जरा जमला."

'चित्रकाराला चेहरे जमत नसावेत.' हे वाक्य लिहिताना तिनं चहाचा घोट घेतला होता, हेसुद्धा तिला आठवलं. कप कोणता होता तेही. तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या इमारतीत होता, काका? जुन्या की नव्या?"

"जुन्या. का?"

"माझी आई नव्यात होती. सातव्या मजल्यावर. तिथं कोण होतं लिफ्टला?"

"तिथं दुसरा होता."

"तोही चित्रं काढायचा?"

"तो झोपायचा," काका म्हणाले, आणि ती इतकी अचानक हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. काकूंनी सुतळीचा गुंडा गुंडाळत तिला रडून होऊ दिलं. नंतर म्हणाल्या, "झालं बघून? बांधू आता?" तिनं नाक पुसलं. "नाही," ती म्हणाली. "बंद करायला कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं वाचनालयाच्या कार्यवाहांनी. ते वरच्या मजल्यावर नियतकालिकांच्या गठ्ठ्यांआड बसले होते, आणि ती कोण हे कळल्यावर त्यांनी तिला आधी चहा विचारला. "तुमचं आम्ही दर बुधवारी वाचतो हो, हहह! पण बाई, त्या लेखानंतर इतकी पोरं आली, आरडाओरडा, वाचकांच्या तक्रारी. शिवाय सोमवारपासून भिंतींना रंग काढायचाय. म्हटलं, आधीच आटपू."

"सोमवारपासून. म्हणजे आज, उद्या, परवा हॉल मोकळाच आहे."

"मोकळा असला तरी लक्ष ठेवायला माणूस नको?"

"मी बसते."

"तुम्ही?"

"तिन्ही दिवस. कुणी ओरडलं तर बाहेर काढते. तुम्ही फक्त त्या काचेवर तुमच्या अक्षरात रविवारपर्यंत लिहून द्या."

कार्यवाहांनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांना ह्यात कुठंतरी थट्टा असणार असं वाटत होतं आणि ती शोधत ते तिच्याकडे बघत होते. सापडली नाही, तेव्हा त्यांनी कागद ओढला. खाली येताना तिनं जिन्यात थांबून तो कागद पुन्हा वाचला. आयुष्यात ती कशासाठी अशी अडून बसली नव्हती. घरात हट्ट करायची पाळी आली की ती विनोद करायची आणि हट्ट दुसऱ्याचा पुरा व्हायचा. नवरा म्हणायचा, तुझ्याशी भांडणच होत नाही. तो ते कौतुकानं म्हणायचा. आत्ता मात्र हातात कागद होता.

संपादकांना फोन करणं अवघड गेलं. उद्याच्या अंकात जागा हवी असं ती म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमचा वार बुधवार."

"हे सदर नाही. चूक दुरुस्ती आहे."

"कसली चूक? इतका वाचला गेला तो लेख! लोकांनी चित्रांची नक्कल केली, अजून काय हवं?"

"मी आत गेले नव्हते. न बघता लिहिलं."

मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, असं कबूल केलंत तर सहा वर्षांचं सगळंच लोक संशयानं वाचतील. त्यापेक्षा पुढच्या बुधवारी एक छान, हलकंफुलकं लिहा. मी पुन्हा गेले, चित्रं वळली वगैरे."

चित्रं वळली. वाक्य चांगलं होतं. तिला ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच तिला त्याची भीती वाटली. "संशयानं वाचू देत," ती म्हणाली. "दुरुस्ती उद्याच हवी. नाहीतर बुधवारचं सदर येणार नाही. येत्याही बुधवारी नाही आणि त्याच्या पुढच्याही."

"तुम्ही चेष्टा करताय."

"नाही," ती म्हणाली. आणि हे वाक्य तिला शेपूट न लावता संपवता आलं.

शंभर शब्द मिळाले, पाचव्या पानावर, उरलेल्या जागा भरायच्या तिथं. दुपारी काकांच्या स्टुलावर बसून तिनं ते लिहिले. चौदा वर्षं बारीक अक्षरांत कमीत कमी शब्दांत खरं ते सांगायचं काम ती करत होती, ते आज पहिल्यांदा स्वतःसाठी कामाला आलं. 'बुधवारी ह्या पेपरात ज्या चित्रांवर मी लिहिलं, ती मी पाहिली नव्हती. बसमधून काचेतून एक भिंत पाहिली होती. चित्रकाराला चेहरे जमत नाहीत असं मी म्हटलं, ते खोटं आहे. तेवीस चित्रं मी आज पाहिली. ती रविवारपर्यंत वाचनालयाच्या हॉलमध्ये आहेत. मी तिथं बसलेली असेन. ज्यांना मला जाब विचारायचा असेल त्यांनी यावं, पण आधी चित्रं बघावीत.' खाली तिनं 'खिडकीवाली' लिहिलं, मग ते खोडून स्वतःचं नाव लिहिलं. काकूंनी कागद दूर धरून दोनदा वाचला. "जाब विचारायला येतील बरं का खरंच," त्या म्हणाल्या. "येऊ देत," ती म्हणाली. मग तिघांनी मिळून चित्रं पुन्हा खिळ्यांना लावली, ज्याच्या त्याच्या जागी, आणि काकांनी सांगितलं म्हणून लहान मूल मात्र ह्या खेपेला दारासमोर.

आले. शनिवारी सकाळीच एक निवृत्त मास्तर आले आणि तिला उभ्या उभ्या दहा मिनिटं बोलले, की तुमच्यासारख्यांनी वाचकांची रुची बिघडवली. तिनं ऐकून घेतलं. मग मास्तर चित्रांकडे वळले ते तासभर परत आले नाहीत. ऑफिसातली टायपिस्ट पेपरातलं नाव वाचून धावत आली, "तुम्ही? अगं बाई, तुम्ही?" असं म्हणत राहिली. तीन पोरं पाठीचे फोटो काढायला आली, तेव्हा ती स्टुलावरून उठून त्यांच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "काढा, पण आधी मला सांगा, ह्यांतला कोण वर चाललाय आणि कोण खाली." पोरं हसली, मग वाद घालायला लागली, मग काकांना विचारायला गेली. सगळे काही असे नव्हते. एक जोडपं आलं, वळसा घालून गेलं, बाहेर पडताना बाई म्हणाली, "आहे काय त्यात एवढं?" काकांनी ते ऐकलं. तिनंही ऐकलं. तिला वाटलं होतं की आपण धावत जाऊ, समजावू. पण काका नुसते म्हणाले, "त्यांनी बघितलं तरी," आणि स्टुलावर पाय हलवत बसले. रात्री घरी नवरा म्हणाला, "तू दमलीस, उद्या नको जाऊस." "जाणार," ती म्हणाली. पहिल्यांदाच भांडण होईल असं काहीतरी त्यांच्यामध्ये आलं, आणि मग तो म्हणाला, "बरं, मीही येतो बघायला."

रविवारी संध्याकाळी चार वाजता कार्यवाह एका रंगाऱ्याला घेऊन आले. कपड्यांवर सगळ्या इमारतींचे रंग वागवणारा, पन्नाशीचा माणूस. तो भिंती बघायला आला होता, उद्याच्या कामासाठी. त्यानं नखानं पोपडा खरवडला, कोपऱ्यात ओल आली का ते हात लावून पाहिलं, आणि भिंत बघता बघता त्याची नजर चित्रावर गेली. तो जवळ गेला. मग आणखी जवळ. "हा हिरवा," तो म्हणाला, "हा तेलरंग आहे. भिंतीचा."

"इस्पितळाचा," काका उठून म्हणाले. "उरलेला."

"तो मीच लावलाय तिथं. वीस वर्षं झाली. बापासारखा चिवट रंग, ब्रश ओढतच नाही. त्याच्यावर हे मानेचे केस काढलेत तुम्ही? एकेक?" तो वाकला. "कशानं?"

"दात घासायच्या ब्रशाचे केस काढून. तीनच ठेवायचे."

रंगाऱ्यानं शीळ घातली. मग तो एका चित्रापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे सरकत गेला, आणि कार्यवाह मागून घड्याळ बघत चालत राहिले. ती स्टुलाजवळ उभी होती. बोलावं, आता पुढे होऊन मागावं, असं वाटत होतं. ती पुढे झालीच. "कार्यवाह," ती म्हणाली, "मला हॉल तीस तारखेपर्यंत हवाय. कागदावर आधी तेच लिहिलं होतं. मी सकाळी आठ ते साडेनऊ बसेन आणि संध्याकाळी सहानंतर. ऑफिसात तसं सांगणार आहे."

"अहो बाई, पण रंग..."

"रंग कुठल्या भिंतीपासून सुरू करायचा हे मी ठरवणार की तुम्ही?" रंगारी चित्रावरून नजर न काढता म्हणाला. "वरच्या खोल्या आधी घेतो. त्यांनाच आठ दिवस जातील. ही भिंत शेवटी." आणि मग काकांकडे वळून, "ह्या हिरव्याखाली अस्तर कुठलं मारता तुम्ही? मला सांगा तरी." दोघं आतल्या भिंतीकडे गेले. कार्यवाह खिशातून पेन काढून काचेकडे निघाले.

हॉल बंद करायची वेळ झाली तेव्हा काकू पायांत चपला अडकवत होत्या. तीन दिवसांत त्यांनी तिला बाई सोडून कशानंही हाक मारली नव्हती. दिव्यांची बटणं एकेक बंद करत, तिच्याकडे न बघताच, त्या म्हणाल्या, "उद्या डबा आणू नकोस. तिघांचं मी आणते."

"बरं, काकू."

"आणि हे पेपरात लिहायचं नाही."

"नाही लिहिणार," ती म्हणाली.

आणि तिनं ते कधीच लिहिलं नाही.